जनावरांचं शिक्षण : आपलं आणि आपल्या लेकींचं

या महिन्याचा अभ्यास



गटांच्या बैठकांना फिरताना सध्या एक प्रश्न सारखा कानावर येतो. "मुलीला गुरांच्या डॉक्टरकीचं शिकवायचं तर काय करावं लागतं?" आणि त्यावर कोणीतरी वयस्कर ताई लगेच म्हणतात, "ढोरांमागं आमचा जन्म गेला, त्याला कॉलेज कशाला लागतंय?"

दोन्ही बोलण्यांत अर्थ आहे. पहिल्यात लेकीच्या पुढच्या आयुष्याची काळजी आहे आणि दुसऱ्यात चाळीस वर्षांचा अनुभव. या महिन्याचा पाठ या दोघींसाठी लिहिला आहे. सीआरपी ताईंनी तो बैठकीत मोठ्यानं वाचावा. एका बैठकीत संपला नाही तर दोन बैठकांत वाचा, पण शेवटचे प्रश्न मात्र सोडू नका.

१. आपल्याला येतंच की, मग शिकायचं काय?

आपला जिल्हा दुधाच्या बाबतीत राज्यात आघाडीवर आहे. आणि धार कोण काढतं, शेण कोण उचलतं, चारा कोण कापतं, वासराला चीक कोण पाजतं, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. गाय नुसती उभी राहिली तरी तिचं काहीतरी बिनसलंय हे तुम्हाला कळतं. हे ज्ञान आहे आणि ते खरं आहे.

शिक्षण या ज्ञानाला दोन गोष्टी जोडतं. एक म्हणजे माप. दुसरी म्हणजे कारण.

माप म्हणजे काय, बघा. "अंग गरम लागतंय" असं आपण म्हणतो. थर्मामीटर लावला की कळतं, गाईचं तापमान साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असतं, शेळीचं त्याहून थोडं जास्त, १०२ ते १०३ पर्यंत. गाईला १०४ दिसलं की डॉक्टरांना फोनवर "ताप आहे" एवढंच न सांगता "१०४ आहे, सकाळपासून खाल्लं नाही" असं सांगता येतं. डॉक्टरही मग लवकर निघतात आणि योग्य औषध बरोबर घेऊन येतात.

दुसरं माप पोटाचं. गाईच्या डाव्या भकाळीवर मूठ दाबून ठेवायची आणि दोन मिनिटं थांबायचं. तेवढ्या वेळात पोटाची हालचाल दोन-तीन वेळा हाताला जाणवली पाहिजे. काहीच जाणवलं नाही तर पोट थांबलंय असं समजा. यासाठी एक पैसाही लागत नाही.

तिसरं, शेळीची पापणी. खालची पापणी हळूच उलटून आतला रंग बघायचा. लालसर गुलाबी असेल तर ठीक. पांढरट असेल तर शेळीच्या अंगात रक्त कमी आहे, बहुतेक जंतांनी खाल्लंय. आपल्या भागातली संगमनेरी शेळी दुधाला आणि मांसाला दोन्हीला चांगली, पण जंतांनी पोखरली तर तीही बसते.

आता कारण. गाय माजावर आली आणि आपल्या लक्षात आलं नाही, तर काय होतं? "पुढच्या वेळी बघू" म्हणून आपण सोडून देतो. पण पुढचा माज साधारण २१ दिवसांनी येतो. समजा चारा, पेंड, खुराक मिळून भाकड गाईचा दिवसाचा खर्च २०० रुपये धरला. २१ गुणिले २०० म्हणजे ४,२०० रुपये. दोन माज हुकले तर ८,४०० रुपये. हे पैसे कोणी चोरून नेत नाही, म्हणून ते गेलेले दिसत नाहीत. ते गव्हाणीतूनच जातात.

म्हणून प्रशिक्षणात माज ओळखायला शिकवतात. काचेसारखा सोट, वारंवार लघवी, दूध कमी होणं, दुसऱ्या गाईवर उडणं आणि दुसरीनं उडलं तरी उभं राहणं, ही खुणा. सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. दारात कॅलेंडर टांगलेलं असतंच. माजाच्या तारखेला गोल करा आणि २१ दिवसांनंतरच्या तारखेलाही गोल करा. भरवल्याची तारीख लिहिली तर गाईचे साधारण २८० दिवस, म्हशीचे ३१० आणि शेळीचे १५० मोजता येतात. वेताची रात्र मग अचानक येत नाही.

याला शिक्षण म्हणायचं. तुमच्या हातात जे आहे त्याला आकडा, तारीख आणि कारण देणं.

२. चार पायऱ्या

जनावरांच्या शिक्षणाच्या चार पायऱ्या आहेत. सगळ्यांनी चौथ्या पायरीवर जायचं असं नाही. पण कोणती पायरी कोणासाठी, हे माहीत पाहिजे.

पहिली पायरी : छोटी प्रशिक्षणं. शाळा सुटून वीस वर्षं झाली असतील तरी चालतं. नगर-मनमाड रस्त्यानं शिर्डीहून राहात्याच्या पुढं गेलं की बाभळेश्वर लागतं. तिथं कृषी विज्ञान केंद्र आहे. दूध व्यवसाय, शेळीपालन, कोंबडीपालन, चारा यांची प्रशिक्षणं अशा केंद्रांत होतात. दुसरी जागा म्हणजे आरसेटी, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. ती बँकेमार्फत चालते आणि दुग्धव्यवसायाचं साधारण दहा दिवसांचं प्रशिक्षण राहण्या-जेवणासह मोफत देते. घर सोडून दहा दिवस जायचं म्हणजे घरात धार कोण काढणार हा प्रश्न येतो. यावर एक उपाय काही गटांत करून बघण्यासारखा आहे. एकीच्या दहा दिवसांची धार शेजारणींनी वाटून घ्यायची आणि पुढच्या वेळी दुसरीनं जायचं.

दूरस्थ पद्धतीनं शिकायचं असेल तर इग्नूचा कुक्कुटपालनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आठवी पास असलेल्यांनाही घेता येतो.

दुसरी पायरी : पशुसखी. ही आपल्यातलीच ताई असते. ती घरोघर जाऊन लसीकरणाची आठवण करते, जंतनाशकाचं वेळापत्रक सांगते, गोठ्याची स्वच्छता दाखवते, आजारी जनावर लवकर ओळखते आणि डॉक्टरांना कळवते. शेळ्या-कोंबड्यांच्या बाबतीत तिचा फार उपयोग होतो, कारण एका शेळीसाठी डॉक्टरांना बोलवायचं कोणाच्या मनातच येत नाही आणि शेळी मरते.

साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशननं महिलांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचं प्रशिक्षण दिलं. लोक त्यांना शेळीच्या डॉक्टर म्हणू लागले. दुष्काळी मुलूख, जिथं शेळी म्हणजे बाईचं एटीएम. तिथं गावातल्या बाईनं किट घेऊन दुसऱ्याच्या वाड्यात जाणं ही काही छोटी गोष्ट नव्हती. त्यांना जमलं.

तिसरी पायरी : पदविका. म्हणजे डिप्लोमा. दूध संघात, फार्मवर, सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून काम करणारे बहुतेक जण या वाटेनं आलेले असतात. आपल्या राज्यात पशुवैद्यकीय शिक्षणाचं काम नागपूरचं महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ बघतं. ते २००० साली स्थापन झालं. पदविकेला दहावी चालते की बारावी विज्ञान लागतं, अभ्यासक्रम किती वर्षांचा, याचे नियम मधल्या काळात बदलले आहेत. त्यामुळं भावकीतल्या कोणाच्या पोरानं पाच वर्षांपूर्वी काय केलं ते ऐकून फॉर्म भरू नका. त्या वर्षीचं विद्यापीठाचं माहितीपत्रक समोर ठेवूनच ठरवा.

चौथी पायरी : पदवी. म्हणजे खरोखर पशुवैद्यक, गुरांचा डॉक्टर. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष दवाखान्यात-फार्मवर प्रत्यक्ष काम. प्रवेशाला बारावी विज्ञान लागतं, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी असायला हवं. शिवाय नीट परीक्षा द्यावी लागते, जी माणसांच्या डॉक्टरकीसाठी देतात तीच.

राज्यातलं सगळ्यात जुनं कॉलेज मुंबईत परळला, १८८६ सालचं. त्यानंतर नागपूर, परभणी, उदगीर आणि साताऱ्याजवळ शिरवळ इथं कॉलेजं झाली. आणि आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की शिर्डीच्या शेजारी सावळीविहीर खुर्द इथं शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयाला राज्य सरकारनं मान्यता दिली आहे. कोपरगावच्या रस्त्यानं जाताना जे गाव आपण रोज ओलांडतो, ते. फॉर्म भरायच्या वेळी विद्यापीठाच्या यादीत कोणकोणती कॉलेजं आहेत ते बघा आणि पसंतीक्रम त्याप्रमाणे भरा.

एक गोंधळ इथंच मिटवते. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. १९६८ साली सुरू झालं. फुले त्रिवेणी ही गाय तिथलीच, होल्स्टिन, जर्सी आणि गीर या तिघींच्या संकरातली. पण राहुरीची पदवी शेतीची असते. त्यात पशुविज्ञान शिकवतात, तरी ती पदवी घेऊन गुरांचा डॉक्टर होता येत नाही. दोन्ही शिक्षणं चांगली आहेत, वेगळी आहेत एवढंच. फॉर्म भरताना मुलीला नक्की काय व्हायचंय ते आधी विचारा.

३. दहावीनंतरचा एक निर्णय

आता या पाठातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

गावाचं आणि ताईंचं नाव देत नाही. आपल्याच भागातल्या एका गटासमोर गेल्या वर्षी कर्जाची मागणी आली. मुलगी बारावी झालेली, हुशार, घरच्या तीन गाई तीच सांभाळते. एका खासगी संस्थेनं सहा महिन्यांचा "पशुवैद्यकीय" कोर्स सांगितला होता. फी पंचेचाळीस हजार, नंतर सरकारी नोकरीची हमी. आईनं गटाकडं तीस हजार मागितले, बाकीचे शेळ्या विकून भरणार होती.

गटातल्या सचिव ताईंनी एकच गोष्ट केली. त्या म्हणाल्या, पैसे देऊ, पण आधी तो कागद घेऊन आपण तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊ. दोघी तिघी गेल्या. डॉक्टरांनी कागद वाचला आणि सांगितलं, या प्रमाणपत्रावर ना नोंदणी होते ना सरकारी भरतीत ते धरलं जातं.

शेळ्या वाचल्या, तीस हजार वाचले. पण मग मुलीनं विचारलं, मी खरी डॉक्टर कशी होऊ? आणि तिथं सगळ्या गप्प झाल्या. कारण तिनं अकरावीला कला शाखा घेतली होती. कॉलेज जवळ होतं, मैत्रिणी तिकडं होत्या, म्हणून घेतली. नीटला बसायलाच विज्ञान लागतं, तेही जीवशास्त्रासह. "मला दहावीला कोणीतरी सांगायला पाहिजे होतं," एवढंच ती म्हणाली.

तिनं पुढं आरसेटीचं प्रशिक्षण घेतलं, गोठ्यात नोंदवही सुरू केली आणि आता ती पशुसखी व्हायची तयारी करते आहे. चांगलं काम आहे ते आणि ती ते चांगलंच करेल. पण तिला जे व्हायचं होतं त्याचं दार दोन वर्षांपूर्वी, जूनमधल्या एका दुपारी, कोणाच्याही लक्षात न येता बंद झालं होतं.

म्हणून ताई, तुमच्या घरात नववी-दहावीत मुलगी असेल आणि तिला जनावरांची आवड असेल, तर एवढं पक्कं लक्षात ठेवा. दहावीनंतर विज्ञान शाखा आणि त्यात जीवशास्त्र. पुढं तिनं मन बदललं तर विज्ञानातून दुसरीकडं जाता येतं. दुसरीकडून विज्ञानात येणं मात्र फार अवघड.

४. फी भरण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

कोणत्याही कोर्सचा कागद घरी आला की हे पाच प्रश्न विचारा. वहीत उतरवून घ्या.

एक. हा कोर्स कोणत्या विद्यापीठाशी किंवा सरकारी मंडळाशी जोडलेला आहे? नाव सांगितलं तर त्याच विद्यापीठाच्या यादीत संस्थेचं नाव आहे का?

दोन. प्रमाणपत्र मिळाल्यावर कायद्यानं नेमकं काय करता येतं?

तीन. प्रत्यक्ष जनावरांवर काम किती दिवस शिकवतात, आणि कुठं? दवाखाना किंवा फार्म नसलेल्या दोन खोल्यांत हे शिक्षण होत नाही.

चार. एकूण खर्च किती? फी, वसतिगृह, जेवण, पुस्तकं, परीक्षा, येणं-जाणं, सगळं धरून.

पाच. पावती मिळते का? "हमी" हा शब्द लेखी देतात का?

"सीट संपत आल्यात, आजच भरा" असं कोणी म्हणालं की त्या दिवशी भरायचं नाही. गाय घेताना आपण दोन वेळची धार बघितल्याशिवाय पैसे देतो का? मग इथं का द्यायचे?

५. कोणी काय करायचं, काय नाही

हा भाग थोडा कडू आहे, पण वाचा.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ हा कायदा सांगतो की जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा, म्हणजे पदवी घेऊन परिषदेकडं नाव नोंदवलेल्या डॉक्टरचा आहे. पदविकाधारकांना काही ठरावीक किरकोळ सेवा देता येतात, त्याही अशा डॉक्टरच्या देखरेखीखाली. पशुसखीनं तर स्वतःच्या मनानं इंजेक्शन द्यायचंच नाही.

गावात लोक पशुसखीला आग्रह करतात. "एवढी सुई मार ना, डॉक्टर कधी यायचे?" नाही म्हणायला जड जातं, कारण समोर शेजारीण असते. पण का नाही म्हणायचं ते समजून घ्या. समजा दुभत्या गाईला कोणीतरी अँटिबायोटिक टोचलं. पुढचे काही दिवस ते औषध दुधात उतरतं. किती दिवस दूध वेगळं ठेवायचं हे औषधाप्रमाणे बदलतं आणि ते डॉक्टरच सांगू शकतात. तेच दूध आपलं नातवंड पितं. शिवाय अर्धवट डोस वारंवार दिले की जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. मग खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही, जनावरालाही आणि माणसालाही.

दुसरं उदाहरण गर्भपाताचं. गाय किंवा शेळी गाभडली की आपण उघड्या हातानं सगळं आवरतो. सांसर्गिक गर्भपात हा आजार, ज्याला ब्रुसेलोसिस म्हणतात, जनावरातून माणसाला होतो. वारंवार येणारा ताप, सांधेदुखी, थकवा, आणि दवाखान्यात महिनोन् महिने निदान होत नाही. गाभडलेल्या जनावराजवळ हातमोजे घातल्याशिवाय जायचं नाही. गरोदर बाईनं तर अजिबातच नाही. वार आणि मेलेलं पिल्लू खोल पुरायचं, कुत्र्यांना टाकायचं नाही. दूध उकळूनच प्यायचं. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना यासाठी एकदाच लस देतात, ती चुकवू नका.

शिकलेल्या बाईची ओळख अशी की आपली हद्द कुठं संपते हे तिला कळतं. पशुसखीचं खरं काम लवकर ओळखणं, नीट नोंद ठेवणं आणि वेळेवर कळवणं. फोन करायला १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्यासाठी. हा क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.

२०२२ मध्ये लम्पीची साथ आली होती, ते दिवस आठवा. अंगभर गाठी, पाय सुजलेले, तोंडाला चारा नाही. ज्या गोठ्यात पहिली गाठ दिसताच गाय वेगळी बांधली, माश्या-गोचिडांचा बंदोबस्त केला आणि दवाखान्याला कळवलं, तिथं काय झालं, आणि जिथं आठ दिवस वाट बघितली तिथं काय झालं, हे तुमच्या गावातच तुम्ही पाहिलं असेल. बैठकीत त्यावर जरूर बोला.

६. "पोरीला हे जमेल का?"

हा प्रश्न बहुतेक बाबा विचारतात, कधी कधी आईसुद्धा. मोठं जनावर, रात्रीअपरात्रीचं बोलावणं, शेणामुताचं काम, आणि लग्नाच्या वेळी "ढोराची डॉक्टर" म्हणून कोणी नाक मुरडलं तर?

शेणामुताचं म्हणाल तर ते काम आज कोण करतंय? ती बिनपगारी करते तेव्हा कोणी नाक मुरडत नाही. तेच पदवी घेऊन, पगार घेऊन केलं की मात्र जमेल का म्हणून विचारायचं!

मुंबईच्या याच पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेल्या डॉ. अमृता पटेल यांनी १९६५ मध्ये आणंदला अमूलमध्ये काम सुरू केलं. पुढं १९९८ ते २०१४ त्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या अध्यक्ष होत्या. देशभरातल्या दूध संघांच्या कामाची दिशा ठरवणाऱ्या खुर्चीवर एक बाई, आणि तीही पशुवैद्यक.

ताकदीचं म्हणाल तर जनावर ताकदीनं आवरत नाही, खोड्यात घालून, मोरखी बांधून, शांतपणे आवरतं. हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

कामाच्या वाटाही बऱ्याच आहेत. पदवीनंतर एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं, आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे. दूध संघ, पशुखाद्य कारखाने, विमा कंपन्या, बँका इथंही पशुवैद्यक लागतात. पुण्या-मुंबईत कुत्र्या-मांजरांचे दवाखाने आहेत. आणि स्वतःचा दवाखाना टाकायचा तर आपल्यासारखा दुधाचा भाग दुसरा कुठला?

७. पैशाचं गणित

खर्चाला घाबरून मुलीला आधीच नाही म्हणू नका. शासकीय कॉलेजची फी खासगी कोर्सच्या जाहिरातीतल्या फीसारखी नसते. शिवाय जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय घेतला की व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत पद्धतीनं प्रवेश घेणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावं. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती आणि फी सवलतीच्या वेगळ्या योजना आहेतच.

लक्षात घ्या, व्यवस्थापन कोट्यातून पैसे भरून प्रवेश घेतला तर ही माफी मिळत नाही. आणि वसतिगृह, मेस, पुस्तकं यांचा खर्च उरतोच. गटाचं कर्ज खरं लागतं ते इथं. एकदम मोठी रक्कम उचलण्यापेक्षा दर सहा महिन्यांना गरजेपुरतं कर्ज घेतलं तर व्याज कमी बसतं. तसा ठराव गटात करता येतो.

कागदपत्रं मात्र आधीच काढून ठेवा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर जात वैधता आणि नॉन क्रीमी लेअर, अधिवास प्रमाणपत्र, दहावीची गुणपत्रिका, आधारला जोडलेलं मुलीचं बँक खातं. जात वैधतेला वेळ लागतो. बारावीचा निकाल लागल्यावर पळापळ करण्यापेक्षा अकरावीतच अर्ज करा. एका दाखल्यापायी वर्ष गेलेल्या मुली आपण पाहिल्यात.

८. बैठकीतला अभ्यास

आता वही-पेन काढा.

पहिला उपक्रम. गटातल्या प्रत्येकीनं आपल्या जनावरांची यादी करा. कानातल्या टॅगचा बारा अंकी क्रमांक, वय, शेवटचा माज किंवा भरवल्याची तारीख, शेवटची लस. लाळ्या-खुरकूतची लस वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्याआधी, शेळ्यांना आंत्रविषार पावसाळ्याआधी. ज्या रकान्यात काही लिहिता आलं नाही, तिथं गोल करा. ते गोल म्हणजे आपला पुढच्या महिन्याचा अभ्यास.

दुसरा उपक्रम. गटानं मिळून एक थर्मामीटर घ्या. प्रत्येकीनं तीन दिवस सकाळी आपल्या गाईचं तापमान घेऊन लिहा. जनावर निरोगी असताना त्याचं माप माहीत असेल तरच आजारपणातलं माप कळतं. वापरून झाल्यावर थर्मामीटर साबणानं धुवा आणि गार पाण्यानंच. गरम पाण्यानं तो फुटतो.

तिसरा उपक्रम. गटातल्या कोणाकोणाच्या घरी आठवी ते दहावीतल्या मुली आहेत त्यांची यादी करा. नावापुढं फक्त दोन गोष्टी लिहा, तिला काय आवडतं आणि अकरावीला काय घ्यायचं ठरलंय. "अजून ठरलं नाही" असं असेल तर तेही लिहा. ही यादी ग्रामसंघाकडं द्या. मे महिन्यात या सगळ्या मुली आणि त्यांच्या आयांना एकत्र बसवून आपण माहिती देणार आहोत.

चर्चेचे प्रश्न

तुमच्या घरी जनावराविषयीचा निर्णय, म्हणजे विकायचं, डॉक्टरला बोलवायचं, रेतन कोणतं करायचं, कोण घेतं? आणि काम कोण करतं?

दुधाचा पगार कोणाच्या खात्यावर जमा होतो?

गेल्या वर्षभरात गटातल्या किती जनावरांचा मृत्यू झाला? त्यातली किती लवकर कळलं असतं तर वाचली असती असं तुम्हाला वाटतं?

गावातली एक मुलगी पशुवैद्यक झाली तर तिला पहिलं बोलावणं द्यायला तुम्ही तयार आहात का, की "बाईमाणूस आहे" म्हणून दुसऱ्याला फोन कराल?

उत्तरं सीआरपी ताईंकडं लिहून द्या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरं खरं लिहा, नाव लिहिलं नाही तरी चालेल. पुढच्या अंकात आपण गोठ्याची नोंदवही कशी ठेवायची ते शिकणार आहोत. त्यासाठी पहिल्या उपक्रमातली यादी तयार ठेवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक